कातळफुलांचे नोंदकार

डहाणू तालुक्यातील चिखले हे समुद्राकडे तोंड करून बसलेले गाव. नरपड आणि घोलवड यांच्या मध्ये वसलेल्या ह्या गावाचे परिचित रूप म्हणजे सुरूची बने, चिकूच्या वाड्या आणि ओहोटीच्या वेळी दूरवर उघडा पडणारा किनारा. गावाची पाठ मात्र डोंगराला लागलेली आहे. पूर्वेस बाहरोटचा डोंगर दिसतो, तर आग्नेयेस महालक्ष्मीचा सुळका. संजाणचा पाडाव झाल्यावर पारशी बांधवांनी आपला पवित्र अग्नी बाहरोटच्या गुंफांत नेला व बारा वर्षे तेथे जपला, असे त्यांची परंपरा सांगते. डोंगर आश्रय देतो, ही गोष्ट ह्या किनाऱ्यास अशा रीतीने शतकानुशतके ठाऊक आहे. परंतु माणसांखेरीज डोंगराने आणखी कोणाकोणास आश्रय दिला, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. प्रस्तुत लेखात आम्हांस अशाच काही मूक आश्रितांविषयी लिहावयाचे आहे. सह्याद्रीच्या उघड्या खडकांवर जगणाऱ्या दुर्मीळ फुलझाडांची ही हकीकत आहे, आणि त्यांची नोंद करून ठेवणाऱ्या दोन येशूसंघीय धर्मगुरूंचीही.

ह्या धर्मगुरूंपैकी पहिले आल्प्स पर्वताच्या देशातले होते. म्हणून त्या पर्वतावरील एका विलक्षण वनस्पती-समूहाची ओळख आधी करून घेणे उपयुक्त ठरेल. उंच पर्वतावर चढत गेले की एका मर्यादेनंतर वृक्ष संपतात. त्याच्याही वर गवत विरळ होते आणि उरतो तो खडक, वारा व बर्फ. अशा ठिकाणी काही वनस्पतींनी उशीचे रूप घेतले आहे. त्यांच्या असंख्य आखूड फांद्या इतक्या दाटीने एकमेकींस चिकटून वाढतात की सारे झाड मुठीएवढा, कधी परातीएवढा, घट्ट हिरवा गोळा होऊन खडकाला बिलगते. जुनी पाने गळून वाऱ्यावर जात नाहीत. ती आतच कुजतात आणि तीच त्या झाडाची माती होते. उशीच्या पोटात पाणी टिकते. दिवसा मिळालेली ऊबही टिकते, आणि उन्हाच्या वेळी आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अंश उष्ण असते. वाढ मात्र अत्यंत मंद, वर्षाला काही मिलिमीटर. त्यामुळे हातभर रुंदीची उशी शंभराहून अधिक वर्षांची असू शकते. उन्हाळ्याच्या थोड्या दिवसांत हा गोळा नखाएवढ्या फुलांनी झाकून जातो. हिमालयातही अशा वनस्पती आहेत. १९२१ च्या एव्हरेस्ट मोहिमेत सुमारे ६,१८० मीटर उंचीवर अरेनारिया प्रजातीतील अशीच एक उशी सापडली होती. विशेष म्हणजे ही उशी एकटी जगत नाही. तिच्या उबेत व ओलाव्यात दुसऱ्या जातींची बीजे रुजतात. जिला स्वतःला जगणे कठीण, ती दुसऱ्यासही जागा देते.

आता आपल्या सह्याद्रीकडे वळू. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई; त्याची उंची १,६४६ मीटर. येथे हिमरेषा तर नाहीच, पण थंडीमुळे वृक्षांची वाढ थांबावी इतकीही उंची नाही. आल्प्सवरील उशीचे झाड येथे शोधणे व्यर्थ होय. तरीही पाचगणीच्या पठारावर, कासच्या सड्यावर किंवा एखाद्या किल्ल्याच्या माथ्यावर आपण उभे राहतो, तेव्हा सभोवार झाड दिसत नाही. त्याचे कारण थंडी नव्हे, तर खडक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा प्रदेश घडला. पुढे दीर्घ काळ ऊनपावसात झिजून त्याच्या माथ्यावर अनेक ठिकाणी जांभ्याचे कठीण कवच तयार झाले. त्या कवचावर माती आहे ती बोटभर, तीही भेगांत आणि खोलगट जागी साठलेली. महाबळेश्वरच्या बाजूस वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सारा चार महिन्यांत. ह्या काळात कातळ पाण्याखाली असतो. पुढच्या आठ महिन्यांत तोच तव्यासारखा तापतो. चार महिने बुडणे आणि आठ महिने भाजणे, असे येथल्या झाडाचे वर्ष असते.

ह्या संकटावर सह्याद्रीच्या झाडांनी जो उपाय काढला, तो आल्प्समधील उपायाहून निराळा असला तरी त्याचा हेतू एकच आहे. आल्प्सचे झाड आपली ठेव उशीच्या पोटात ठेवते, तर सह्याद्रीचे झाड ती खडकाच्या भेगेत, कंदात ठेवते. उन्हाळ्यात कातळ मेल्यासारखा दिसतो. परंतु त्याच्या भेगांत शेकडो कंद झोपलेले असतात. पहिल्या सरी आल्या की ते जागे होतात, आणि तीन-चार महिन्यांत पान, फूल, बी हा सारा संसार आटोपून पुन्हा जमिनीत जातात. कातळावर नत्राचा दुष्काळ असल्यामुळे दवबिंदू आणि सीतेची आसवे ह्यांसारख्या वनस्पतींनी तर कीटक पकडून पोषण मिळविण्याची विद्या साध्य केली आहे. जमिनीलगत राहणे, थोडक्यात भागविणे आणि संधी येताच फुलणे, ह्या तीन बाबतींत आल्प्सची उशी आणि सह्याद्रीचा कंद हे एकमेकांचे दूरचे सोयरे म्हणावे लागतील.

ह्या फुलांची शास्त्रीय नोंद होण्याचा इतिहास बराच जुना आहे, आणि त्याच्या आरंभकाळीही धर्मगुरू दिसतात. गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने भारतीय औषधी वनस्पतींवरील आपला संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात प्रसिद्ध केला. पुढे मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ ह्या काळात अ‍ॅम्स्टरडॅमहून बाहेर पडला. त्याच्या प्रारंभीच्या कामात फादर मॅथ्यू ऑफ सेंट जोसेफ ह्या इटालियन कार्मेलाइट संन्याशाचा हात होता. मुंबई इलाख्यात मात्र हे काम प्रथम इंग्रजी राजवटीतील डॉक्टरांनी व वनाधिकाऱ्यांनी केले. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. त्यांनी व निकोलस डाल्झेल यांनी मिळून १८६१ साली मुंबईच्या वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ह्याच डाल्झेल यांनी १८६४ साली जुन्नर परिसरातील एका कड्यावरच्या वनस्पतीचे वर्णन करून, तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ असे नाव दिले. आपले लोक तिला शिंदळ माकुडी म्हणतात.

शिंदळ माकुडी ही कड्याची रहिवासी. जिथे माणसाचा पाय ठरत नाही अशा कपारीत तिच्या मांसल, बोटासारख्या फांद्या गुच्छ करून लोंबतात. कोरड्या दिवसांत ती पाने टाकून देते व केवळ फांद्यांतील ओलाव्यावर तग धरते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिला पाच पाकळ्यांचे, गर्द तांबडे, पिवळ्या ठिपक्यांचे फूल येते. त्याकडे माश्या आकर्षित होतात व परागीभवन घडवितात. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर अशा मोजक्या ठिकाणांपलीकडे ती फारशी आढळलेली नाही. ह्या यादीत किल्ल्यांची नावे अधिक आहेत, ह्याचे आम्हांस नवल वाटत नाही. शत्रूस चढता येऊ नये म्हणून जे कडे माणसांनी निवडले, त्याच कड्यांवर गुरांच्या तोंडापासून व वणव्यापासून ह्या झाडालाही संरक्षण मिळाले.

आता आपल्या कथेतील पहिल्या धर्मगुरूंकडे येऊ. फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांचा जन्म १५ डिसेंबर १८७७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये झाला. मुंबई-पुणे मिशन त्या काळी जर्मन प्रांतातील येशूसंघीयांकडे होते, आणि त्या प्रांताकडून १९०३ साली ते मुंबईस आले. १८६९ साली स्थापन झालेल्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ते शिकवू लागले. १९०६ साली तेथे त्यांनी वनस्पतींच्या वाळवलेल्या नमुन्यांचा जो संग्रह सुरू केला, तोच आज ब्लॅटर हर्बेरियम ह्या नावाने ओळखला जातो. पहिल्या महायुद्धाने ह्या मिशनवर मोठा आघात केला. जर्मन धर्मगुरूंना सरकारने स्थानबद्ध केले किंवा मायदेशी धाडले. शाळा, महाविद्यालये, धर्मग्रामे ह्यांची घडी विस्कटली. ब्लॅटर स्विस नागरिक असल्यामुळे त्यांस येथे काम करता आले. १९१९ पासून काही वर्षे ते महाविद्यालयाचे प्राचार्यही होते. युद्धानंतर हे मिशन स्पेनमधील येशूसंघीयांकडे सोपविण्यात आले. ह्या फेरबदलाचा आपल्या कथेशी पुढे संबंध येणार आहे.

ब्लॅटर यांच्या कामाचा आवाका पाहिला म्हणजे मन चकित होते. एडनचा रखरखीत प्रदेश, राजस्थान-सिंधचे वाळवंट, भारत व श्रीलंकेतील ताडवर्गीय वृक्ष, मुंबई इलाख्यातील नेचे आणि गवते, अशा विविध विषयांवर त्यांनी ग्रंथ व लेखमाला लिहिल्या. काश्मीरच्या डोंगरकुरणांवरील फुलांवर त्यांनी लिहिलेला दोन खंडांचा सचित्र ग्रंथ १९२० च्या दशकाच्या अखेरीस लंडनहून प्रसिद्ध झाला. तथापि आमच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत महत्त्वाचे कार्य १९२६ साली सुरू झाले. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ ह्या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो बृहद्ग्रंथ सिद्ध केला होता, त्याची फेरतपासणी ब्लॅटर यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून आरंभिली. ह्या कामी त्यांचे प्रमुख सहकारी होते चार्ल्स मॅककॅन. हे पुढे न्यूझीलंडला गेले.

पाचगणीला ब्लॅटर यांचे दीर्घ वास्तव्य होते. तेथील पठार सुमारे तेराशे मीटर उंचीवर आहे. सहलीला जाणाऱ्यांस ते घोडेस्वारीचे मैदान वाटते. ब्लॅटर आणि मॅककॅन यांनी तेथे गुडघे टेकून पाहिले, असेच म्हणावे लागेल. कारण त्यांनी जे शोधले ते उभ्याने दिसणारे नव्हते. त्यांनी वर्णन केलेल्या एका वनस्पतीचे नाव युफोर्बिया पंचगनिएन्सिस. शेर, निवडुंग ज्या प्रजातीत येतात त्याच प्रजातीतील ही जात. परंतु हिला उंच खोड नाही. कंद जमिनीत, पाने येण्याआधी जमिनीलगतच उमलणारी फुले, आणि पुढे कातळाला चिकटून पसरणारी पाने. आल्प्सच्या उशीची आठवण करून देणारे आपल्याकडे काही असेल तर ते हेच. त्याच जोडीने सेरोपेजिया प्रजातीतील, म्हणजे कंदीलपुष्पांपैकी, एका जातीसही पाचगणीचे नाव दिले. कंदीलपुष्पाची घडण मोठी कुशल असते. फुलाच्या नळीत आत जाणाऱ्या माशीस खाली वळलेले केस परत फिरू देत नाहीत; परागकण तिच्या अंगास लागल्यावर ते केस कोमेजतात व तिची सुटका होते. पुढे फादर सांतापाव व त्यांचे सहकारी कपाडिया यांनी एका आमरीस पाचगणीचेच नाव दिले, आणि त्या लहान गावाचे नाव जगाच्या वनस्पतिशास्त्रात तिसऱ्यांदा नोंदले गेले.

येथे थोडे थांबून नोंद म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. मुळासकट काढलेली वनस्पती टीपकागदाच्या घड्यांत दाबून वाळवितात. कीड लागू नये म्हणून तिच्यावर औषधी द्रव्याची प्रक्रिया करतात आणि ती जाड कागदावर टाके घालून किंवा चिकटवून बसवितात. कोपऱ्यात एक चिठ्ठी असते. तीवर वनस्पतीचे नाव, ठिकाण, तारीख, संग्राहकाचे नाव व क्रमांक. ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीचे प्रथम वर्णन केले जाते, तो त्या जातीचा मूळ पुरावा ठरतो. शंभर वर्षांनीही शंका आली तर जगातील अभ्यासकास त्याच कागदाकडे यावे लागते. आपल्या धर्मग्रामातील बाप्तिस्म्याची नोंदवही ज्यांनी हाताळली आहे, त्यांस ह्या चिठ्ठीचे मोल निराळे सांगावयास नको. नाव, दिवस, ठिकाण आणि साक्षीदार एवढ्या चार गोष्टींच्या आधारे आपण पणजोबांपर्यंत पोहोचतो. ज्यांची नोंद राहिली नाही ते जगलेच नव्हते असे नाही. परंतु त्यांच्या वतीने बोलावयास कोणी उरत नाही. धर्मग्रामाच्या वहीत नवजात बालकाचे नाव लिहिणारा धर्मगुरू कातळावरच्या कंदाचेही नाव लिहून ठेवतो, ह्यात आम्हांस विसंगती वाटत नाही. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने रानफुलांचा दाखला दिला, तो त्यांच्याकडे नीट पाहावे म्हणूनच.

फादर ब्लॅटर २६ मे १९३४ रोजी निवर्तले. त्यांचे अपुरे काम ज्यांनी पुढे नेले ते फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव हे स्पेनमधील तारागोना प्रांतातले. जन्म ५ डिसेंबर १९०३ चा. मिशन स्पॅनिश येशूसंघीयांकडे आल्यामुळेच १९२८ साली ते भारतात आले. १९४० पासून ते सेंट झेवियर्समध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. ब्लॅटर यांनी दूरदूरचे प्रदेश धुंडाळले. सांतापाव यांनी एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाण्याचा मार्ग पत्करला. खंडाळ्याच्या डोंगरांत वर्षाच्या सर्व ऋतूंत फिरून त्यांनी जो ग्रंथ तयार केला, तो १९५३ साली प्रसिद्ध झाला व पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. पुरंदर किल्ल्यावरील वनस्पतींवरही त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एकाच डोंगराकडे वर्षानुवर्षे परत जाणाऱ्यासच काही गोष्टी कळतात. कारवीचे उदाहरण घ्या. सात-आठ वर्षे ती केवळ पानांवर असते. मग एका वर्षी डोंगरचा डोंगर जांभळा होतो. बी धरते, आणि ती पिढी मरून जाते. एका पावसाळ्याची सहल करणाऱ्यास हे चक्र दिसणे शक्य नाही. सांतापाव यांनी ह्या फुलोऱ्याचे बारकाईने निरीक्षण केले.

त्यांनी व त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५५ साली वर्णिलेल्या एका जातीचे नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम. नावातच बोरिवली आहे. आज जिच्या मुळ्या सफेद मुसळी म्हणून बाजारात मोठ्या मोलाने विकल्या जातात व जिची देशात शेती होते, ती हीच वनस्पती. शास्त्रास निरुपयोगी फूल कशाला मोजता, असे विचारणाऱ्यास एवढे उत्तर पुरे व्हावे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची पुनर्घटना १९५४ साली सुरू झाली, तेव्हा त्या कामात सांतापाव होते. १९६१ पासून काही वर्षे त्यांनी संस्थेचे संचालकपद सांभाळले. १९६७ साली त्यांस पद्मश्री मिळाली. १३ जानेवारी १९७० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. सह्याद्रीतील एका दुर्मीळ कंदीलपुष्पास पुढील अभ्यासकांनी ‘सेरोपेजिया सांतापावी’ हे नाव दिले आहे. परंपरा तेथे थांबली नाही. कर्नाटकात फादर सेसिल सालढाणा यांनी, तर तामिळनाडूत फादर के. एम. मॅथ्यू यांनी हेच व्रत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालविले.

ह्या धर्मगुरूंचे ऋण मानीत असताना एक उणीवही मोकळेपणाने सांगितली पाहिजे. नमुन्याच्या चिठ्ठीवर संग्राहकाचे नाव असते; ज्याने वाट दाखविली, कंद कोठे आहे हे सांगितले, ओझे वाहिले, त्याचे सहसा नसते. आमच्या डहाणू-तलासरी भागातील वारली बांधवांस डोंगरातील वनस्पतींचे ज्ञान कोणत्याही ग्रंथाच्या आधीपासून आहे. त्यांच्या घरांच्या कुडाच्या भिंती कारवीच्या काठ्यांनी उभ्या राहिल्या, आणि त्याच भिंतींवर वारली चित्रे उमटली. पावसाच्या तोंडी उगवणारी कवळीची भाजी ही सफेद मुसळीच्याच प्रजातीतली. ती खाण्याआधी देवाला दाखविण्याची रीत आहे, म्हणजे निसर्गाकडून घेताना मर्यादा पाळण्याची रीत आहे. हे ज्ञान मुखोद्गत असल्यामुळे ते कोणत्याही हर्बेरियमच्या कपाटात सापडत नाही. ते जाणणाऱ्या वृद्ध स्त्री-पुरुषांबरोबर दरवर्षी त्यातील काही भाग कायमचा नाहीसा होत आहे. ब्लॅटर-सांतापाव यांचे काम पुरे करावयाचे असेल तर ही दुसरी नोंद करावी लागेल, आणि ह्या वेळी सांगणाऱ्याचे नाव चिठ्ठीवर लिहावे लागेल.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या जमिनीच्या कागदपत्रांत, म्हणजे सातबाऱ्यावर, जिथे नांगर चालत नाही त्या क्षेत्रापुढे ‘पोटखराबा’ असा शब्द लिहिलेला असतो. महसुलाच्या दृष्टीने हा शब्द गैर नाही. जिथे पीक नाही तिथे सारा कसा घ्यावा, एवढाच त्याचा मूळ अर्थ. परंतु कालांतराने ह्या शब्दाने आपल्या मनाचाही ताबा घेतला. जे पिकत नाही ते खराब, आणि जे खराब ते फोडावे, सपाट करावे, त्यावर काहीतरी बांधावे, असा हिशेब रूढ झाला. आता त्याच जमिनीचा दुसरा कागद पाहा. हर्बेरियममधील चिठ्ठी सांगते की अमुक जाती ह्याच कातळावर आढळते, आणि जगात अन्यत्र फारशी कोठेही नाही. एकच जमीन, दोन कागद. एकावर ‘खराबा’, दुसऱ्यावर ‘एकमेव घर’. दोन्ही कागद खरे आहेत. प्रश्न एवढाच की निर्णय घेताना आपण कोणता कागद उघडतो.

काही वेळा दुसरा कागदही उघडला गेला आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांस जागतिक वारशाचा दर्जा दिला; त्यांत कासचे पठार आहे. ह्या पठारावर सुमारे साडेआठशे जातींच्या वनस्पती नोंदल्या गेल्या आहेत. ही नोंद नसती तर वारशाचा दावा कशाच्या बळावर केला असता? शिंदळ माकुडीच्या बाबतीत तर त्याही पुढचे पाऊल पडले. फांदीपासून हिची रोपे सहज होतात हे जाणून, शिरवळजवळील शिंदेवाडी येथल्या नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने ती वाढविली व कड्यांवर पुन्हा लावण्याचे प्रयत्न केले. १८६४ साली लिहिलेले एक वर्णन एका झाडाच्या पुनर्वसनास अशा रीतीने उपयोगी पडले.

दर्जा मिळाल्याने संकट टळते असे मात्र नाही. कासला फुलांच्या दिवसांत माणसांची जत्रा भरते, आणि जे कंद आठ महिन्यांच्या उन्हाने मरत नाहीत ते पायाखाली मरतात. बोटभर माती शतकांनी साठते. एक गाडी ती क्षणात उखडते. आल्प्समधील शतायुषी उशी बुटाच्या एका टाचेने फुटावी, तसेच हे आहे. हळू वाढणाऱ्या जीवांच्या वाट्यास येणारी हानी भरून निघण्यास आपले आयुष्य पुरत नाही.

आमच्या डहाणू तालुक्यासही हा विषय परका नाही. पाचगणीच्या दहा वर्षे आधी, २० जून १९९१ रोजी, डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर येथे स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी २०१९ साली निधन होईपर्यंत त्याची धुरा वाहिली. आज ह्याच टापूतून मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचे काम चालले आहे, आणि वाढवण येथील बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे. ह्या प्रकल्पांचा पक्ष-विपक्ष मांडणे हा येथे आमचा हेतू नाही. तो वाद कोर्टात, ग्रामसभेत आणि रस्त्यावर चालत आला आहे. आमचे म्हणणे एवढेच की बदल वेगाने होत असताना, आपल्या डोंगरावर काय होते ह्याचा पुरावा आपल्यापाशी असला पाहिजे. बाहरोटवरील गुंफांचा इतिहास पारशी समाजाने स्मरणात ठेवला म्हणून तो डोंगर आज केवळ दगडांचा ढीग मानला जात नाही. त्याच डोंगराच्या उतारावर पावसाळ्यात कोणते कंद उमलतात, हे आपल्यापैकी किती जणांस सांगता येईल?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसृत केले, आणि पृथ्वी हे आपणा सर्वांचे सामायिक घर आहे ह्याची ख्रिस्तसभेस आठवण करून दिली. प्रत्येक सृष्ट जीवास माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल आहे, हा त्या शिकवणीचा गाभा. आमच्या मते मराठी कॅथोलिक समाजास हे परिपत्रक परके वाटण्याचे कारण नाही. मुंबईच्या महाविद्यालयातील कपाटांत जपलेले लाखाहून अधिक नमुने म्हणजे त्याच शिकवणीचा, तिच्या शंभर वर्षे आधी सुरू झालेला, हातांनी केलेला अभ्यास होय. ब्लॅटर आणि सांतापाव यांनी ह्या भूमीत जन्म घेतला नव्हता. पण येथल्या कातळास त्यांनी खराबा मानले नाही.

म्हणून आम्ही वाचकांपुढे एक साधी सूचना ठेवतो. आपल्या शाळांत, वसतिगृहांत, धर्मग्रामांच्या युवामंडळांत एक वही ठेवावी. गावाजवळच्या एकाच डोंगराची वा एकाच माळाची निवड करावी आणि वर्षाच्या सर्व ऋतूंत तेथे जावे. फूल तोडू नये, कंद उपटू नये. कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. दिसलेल्या झाडाचे स्थानिक नाव विचारावे. ते सांगणाऱ्याचे नाव, ठिकाण आणि तारीख लिहावी. शास्त्रीय नाव कळले नाही तर ती जागा मोकळी ठेवावी; ती भरणारे कोणी पुढे येईल. दहा वर्षांनी ही वही कोणत्या कामी येईल ते आज सांगता येणार नाही. १९०६ साली पहिला नमुना कागदावर चिकटविणाऱ्या स्विस धर्मगुरूसही ते सांगता आले नसते.